जमिनीखालील टाकी आणि विहिरीचे पाणी

पेट्रोल पंपावर डोळ्यांना दिसते ते विक्रीचे यंत्र; पेट्रोल असते जमिनीखाली. पोलादी टाकी पुरली आणि वर काँक्रीट घातले की ती नजरेआड होते. त्यानंतर तिची खबर देते ती मुख्यतः साठ्याची नोंदवही. सकाळी टाकीत पट्टी सोडून डिप घ्यावयाचा, आलेला माल मिळवावयाचा, विकलेला वजा करावयाचा आणि हिशेब जुळतो का ते पाहावयाचे.

या नोंदवहीवर किती विसंबावे, हा खरा प्रश्न आहे. दहा हजार लिटर पेट्रोलचे तापमान पाच अंशांनी उतरले तर त्याचे आकारमान जवळपास ५० लिटरने घटते. गळती नसतानाही हिशेबात तूट दिसते. उलट, खरी गळती याच चढउतारात लपून राहते. अमेरिकेच्या नियमांत नोंदवहीच्या पद्धतीला महिन्याच्या उलाढालीच्या एक टक्का अधिक १३० गॅलन, म्हणजे सुमारे ४९० लिटर, एवढा फरक चालतो. महिन्याला एक लाख लिटरची उलाढाल असलेल्या टाकीतून जवळपास दीड हजार लिटर पेट्रोल मातीत गेले, तरी नोंदवही काही बोलणार नाही. म्हणूनच तेथे ही पद्धत एकटी पुरेशी मानली गेली नाही. ठराविक काळाने टाकीची घट्टपणा-चाचणीही तिला जोडावी लागली.

अमेरिकेच्या संसदेने १९८४ साली कायद्यात दुरुस्ती करून अशा टाक्या केंद्रीय नियंत्रणाखाली आणल्या व १९८८ मध्ये तपशीलवार नियम झाले. गंजापासून संरक्षण नसलेल्या जुन्या टाक्या सुधाराव्या, बदलाव्या किंवा बंद कराव्या, यासाठी डिसेंबर १९९८ पर्यंत मुदत होती. आजवर त्या देशात साडेपाच लाखांहून अधिक गळत्यांची नोंद झाली आहे.

गळती शोधण्याचा एक मान्य मार्ग म्हणजे टाकीलगत निरीक्षण-विहीर घेणे. पेट्रोल पाण्याहून हलके असल्याने ते भूजलावर तरंगते. विहिरीत त्याचा एक अष्टमांश इंच जाडीचा थर आला तरी तो ओळखता आला पाहिजे, असे नियम सांगतो. परंतु त्याच नियमाने घातलेल्या अटी अधिक बोलक्या आहेत. भूजल वीस फुटांपेक्षा खोल कधीही जाता कामा नये. मधली जमीन वाळू-रेतीसारखी पाणी सहज वाहू देणारी हवी. आणि विहिरीच्या नळीची छिद्रे अशा उंचीवर हवीत की पाण्याची पातळी चढली वा उतरली तरी वरचा थर आत येईल. यांतील एकही अट सुटली, तर विहीर स्वच्छ दिसेल आणि गळती चालूच राहील.

महाराष्ट्राचा सुमारे चार पंचमांश भाग बेसाल्ट खडकाचा आहे. येथे पाणी वाळूतून एकसारखे झिरपत नाही. ते कुजलेल्या खडकात, भेगांत आणि सांध्यांत साठते व त्यांच्याच वाटेने सरकते. टाकीपासून दहा मीटरवरील विहीर कोरडी निघावी आणि दूरच्या मळ्यातील विहिरीत वास यावा, हे येथे अशक्य नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत नवा पंप शाळा, रुग्णालये व वस्तीपासून ५० मीटर दूर असावा असे म्हटले आहे. ते योग्यच; पण खडकातील भेग मीटर मोजत नाही.

थोड्या पेट्रोलने काय बिघडते, असे विचारले जाते. एका लिटर पेट्रोलमध्ये एक टक्का बेंझीन धरले, तर ते ८.८ ग्रॅम भरते. बेंझीन हे कर्करोगकारक द्रव्य आहे. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. म्हणजे तेवढे बेंझीन सुमारे ८ लाख ८० हजार लिटर पाण्याला त्या मर्यादेपर्यंत नेऊ शकते. हे गणित शाळेच्या फळ्यावरही मांडता येईल.

कॅलिफोर्नियातील सांता मोनिका शहराचा अनुभव याहून वेगळ्या द्रव्याचा आहे. पेट्रोलमध्ये मिसळले जाणारे एमटीबीई पाण्यात चटकन विरघळते, मातीला फारसे चिकटत नाही आणि पाण्याबरोबर दूर जाते. ते आढळल्यामुळे १९९६ मध्ये शहराला आपल्या विहिरी बंद कराव्या लागल्या. जवळपास निम्मा पुरवठा गेला आणि पाणी बाहेरून विकत घ्यावे लागले. शुद्धीकरणाची व्यवस्था उभारून मुख्य विहिरींचे पाणी पुन्हा नळाला येण्यास सुमारे दीड दशक लागले.

राज्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण-विहिरींची पातळी नियमित मोजते. मात्र पातळी मोजणे आणि पेट्रोल शोधणे ही दोन कामे आहेत. तरंगणारा थर पाहावयाचा असेल तर उपसा सुरू करण्यापूर्वी पृष्ठभागावरचे पाणी हलकेच काढावे लागते. विरघळलेल्या द्रव्यांसाठीचा नमुना काचेच्या बाटलीत काठोकाठ, हवेचा बुडबुडा न राहता भरावा, बूच घट्ट लावावे आणि तो बर्फात ठेवून प्रयोगशाळेत पोचवावा. प्लॅस्टिकच्या अर्धवट भरलेल्या बाटलीतून बेंझीन वाटेतच उडून जाते आणि अहवाल निर्दोष येतो. नमुना पावसाळ्यानंतर एकदा व उन्हाळ्यात एकदा घ्यावा, कारण पातळी चढली की मातीत अडकलेले पेट्रोल पुन्हा पाण्याला लागते. वास येणाऱ्या विहिरीत कंदील किंवा पेटती काडी घेऊन कोणी वाकू नये, आणि उतरू तर नयेच.

ग्रामपंचायतीच्या दप्तरी अशा विहिरीसाठी एक पान असावे: पंपापासूनचे अंतर व दिशा, नमुन्याची तारीख, त्या दिवशीची पाण्याची पातळी, आदल्या आठवड्यातील पाऊस आणि वास प्रथम कोणत्या महिन्यात आला ते. एवढे लिहिलेले असले, तरच पुढील वर्षीचा अहवाल कशाशी ताडून पाहावयाचा हे नव्या ग्रामसेवकाला कळेल.