झिजत्या रबराचा जमाखर्च



मोटारींची मोठी शर्यत संपून गाड्या परतल्या की विजयी गाडीचा टायर जवळून पाहावा. त्यावर बारीक खडी रुतलेली असते, दुसऱ्यांच्या चाकांतून सुटलेल्या रबराचे लोळे चिकटलेले असतात आणि मूळचा तुकतुकीत पृष्ठभाग कढईच्या बुडासारखा खरबरीत झालेला असतो. यातले पुष्कळसे चालकाने बुद्ध्या गोळा केलेले असते. कारण अंतिम रेषा ओलांडल्यावर गाडीचे वजन होते, ते नियमाच्या किमान मर्यादेखाली भरले तर विजय रद्द होतो, आणि म्हणून झिजून गेलेल्या रबराची तूट थोडीफार भरून निघावी या हेतूने तो परतीची फेरी रस्त्याच्या कडेने, जिथे असे लोळे साचलेले असतात तिथून, सावकाश घेतो. शर्यतीत खर्च होतो तो मुख्यतः या रबराचा. आणि तो कसा होतो, यावर शर्यतीची गोडी कशी अवलंबून असते, हे आज आपणांपुढे मांडावे असा माझा मानस आहे.

आपल्या रस्त्यांवर टायर गुळगुळीत झाला म्हणजे तो निकामी झाला असे आपण समजतो. शर्यतीचा कोरड्या रस्त्यावरचा टायर मात्र जन्मतःच गुळगुळीत असतो, आणि त्याची सारी पकड रबराच्या चिकटपणात व रस्त्याच्या बारीक खडबडीत रुतून बसण्याच्या गुणात असते. हा गुण उष्णतेवाचून प्रकट होत नाही. म्हणून शर्यतीपूर्वी टायरांना विजेवर तापणारी पांघरुणे लपेटून ठेवतात, आणि साधारण १०० अंशांच्या आसपास ते आपल्या ऐन भरात येतात. थंड रबर घसरले तर त्याचा वरचा थर वळकटून दाणे धरतो. आतून फार तापले तर फोड येतात. आणि या दोहोंखेरीज नुसत्या घर्षणाने ते कणाकणाने उतरते, ते वेगळेच. प्रेक्षकाच्या आसनावरून या तिन्ही व्याधींना आपण सरसकट झीज म्हणतो, परंतु घर्षणाने उतरलेले रबर परत येत नाही, दाणे धीराने गाडी चालवल्यास पुसले जातात, आणि पृष्ठभागाच्या उष्णतेने गेलेली पकड विसावा दिल्यास काही अंशी परतते. हा भेद ध्यानात ठेवावा. माझे पुढचे सर्व विवेचन त्यावर उभे आहे.

झिजेतून शर्यत कशी घडते याचा मला सर्वांत प्रिय असलेला दाखला १९ जानेवारी १९५८ चा, ब्युनोस आयरीस येथील आहे. स्टर्लिंग मॉस हा इंग्लिश चालक तिथे इंजिन पाठीमागे असलेली एक लहानशी कूपर गाडी घेऊन फेरारी आणि मासेराती यांच्या बलाढ्य गाड्यांपुढे उभा राहिला. त्या कूपरची चाके चार-चार नटांनी बसवलेली होती. इतरांप्रमाणे मधल्या एकाच नटावर हातोडा मारून ती क्षणात काढता येत नसत, म्हणजे टायर बदलायला थांबणे हेच हरणे होते. तरीही पथकाने पिटमध्ये नवे टायर मांडून थांबण्याची सिद्धता असल्याचा देखावा केला, आणि फेरारीचा लुइजी मुस्सो, हा गडी आज ना उद्या थांबणारच, अशा भरवशावर निवांत राहिला. मॉस थांबला नाही. रस्त्यावर तेल सांडून जिथे निसरडे झाले होते त्या भागांवरून, रबराला कमीत कमी घर्षण व्हावे म्हणून, तो शेवटच्या फेऱ्यांत जाणूनबुजून गाडी नेत होता, आणि टायरांखालचे कापड उघडे पडले असता २.७ सेकंदांच्या अंतराने जिंकला. इंजिन पाठीमागे असलेल्या गाडीने जागतिक अजिंक्यपदाच्या शर्यतीत मिळवलेला तो पहिला विजय; पण मला त्यात अधिक थोर वाटते ती त्या माणसाची काटकसर, जी करताना त्याने वेगाचा मान कुठेही कमी होऊ दिला नाही.

याच्या उलट टोकाचे चित्र १९८७ साली सिल्व्हरस्टोनला दिसले. नायजेल मॅन्सेलने थांबून नवे टायर चढवले. त्याच्याच विल्यम्स पथकातला नेल्सन पिके जुन्यावरच पुढे चालत राहिला. सुमारे २८ सेकंदांचे अंतर, आणि उरलेल्या फेऱ्याही जवळजवळ तितक्याच. प्रत्येक फेरीला ते अंतर विरघळत गेले, आणि शेवटच्या दोन-तीन फेऱ्या उरल्या असता स्टो वळणाकडे जाताना मॅन्सेलने डावीकडे जाण्याची हूल देऊन उजवीकडून मुसंडी मारली. दोन गाड्या सर्वथा सारख्या. भेद काय तो त्या घटकेला त्यांच्या टायरांच्या वयाचा. शर्यत रंगते ती अशा भेदाने.

मग झीज जितकी अधिक तितकी शर्यत उत्तम, असा सिद्धांत करावा काय? तसे करून पाहिले गेले. २०१० साली मॉन्ट्रियालला ब्रिजस्टोनचे टायर अनपेक्षितपणे लवकर ढासळले, शर्यत विलक्षण रंगली, आणि पुढच्या वर्षी आलेल्या पिरेलीला जाणूनबुजून लवकर झिजणारे टायर करण्याची विनंती झाली. २०१२ च्या पहिल्या सात शर्यतींना सात निरनिराळे विजेते लाभले, हे फळ लहान नव्हे. परंतु त्याच वर्षी शांघायला किमी रायकोनेन दुसऱ्या क्रमांकावर असता टायरांनी एकाएकी जीव टाकला आणि तो चौदावा आला. २०१३ साली सिल्व्हरस्टोनला तर चालत्या गाड्यांचे मागचे टायर एकामागून एक फुटले. टायर मुळीच बदलू नयेत असा दंडकही २००५ साली अमलात होता. त्या वर्षी न्यूरबुर्गरिंगला ब्रेक अडकून रायकोनेनच्या पुढच्या टायरावर सपाट डाग पडला. त्याच्या कंपनाने सारी गाडी थरथरत असता तो आघाडी राखून होता, आणि शेवटच्या फेरीच्या आरंभी चाकाचा आधार तुटून पडला. पुढे इंडियानापोलिसला मिशेलिनचे टायर तिथल्या कलत्या वळणावर टिकेनात, म्हणून १४ गाड्या माघारी गेल्या आणि उरलेल्या सहांत आपला नारायण कार्तिकेयन चौथा आला. त्याचे पाच गुण मला आनंदाचे वाटतात. शर्यत मात्र ती नव्हती.

माझे मत असे आहे की, झिजेचे प्रमाण किती, यापेक्षा ती कोणाच्या वाट्याला येते हे पाहावे. चालकाने आपखुशीने वेग घेऊन रबर खर्चावे आणि पुढे त्याची किंमत भरावी, हा न्याय आहे. परंतु पुढच्या गाडीमागून येणारी ढवळलेली हवा पाठलाग करणाऱ्याच्या गाडीवरचा दाब हिरावून घेते, त्याची चाके वळणावर घसरतात, पृष्ठभाग तापतो, आणि जो धाडसाने जवळ गेला त्यालाच दंड होतो. मग शहाणा चालक दोन सेकंद मागे राहून रबर जपतो, आणि प्रेक्षक एका मिरवणुकीकडे पाहत बसतो. टायर लवकर तापणारा करून शर्यत सुधारेल या समजुतीतली चूक हीच. घर्षणाने झिजणारा, पण उष्णता सोसणारा टायर हवा. झिजेची धास्तीच नाहीशी झाली तर काय होते तेही २०२४ साली मोनॅकोला दिसले. पहिल्याच फेरीतल्या अपघाताने शर्यत थांबली, त्या विरामात टायर बदलण्याचे बंधन सर्वांनी उरकून घेतले, आणि मग पहिले दहा जण ज्या क्रमाने उभे होते त्याच क्रमाने पोहोचले. रस्ता अरुंद हे खरे. पण हा योग त्या रस्त्यावरही पूर्वी आला नव्हता.

त्याच वर्षी २८ जुलैला बेल्जियममध्ये स्पा येथे जॉर्ज रसेलने दहाव्या फेरीस एकदाच थांबून उरलेल्या ३४ फेऱ्या टायरांच्या एकाच संचावर काढल्या. दोनदा थांबलेला लुईस हॅमिल्टन ताज्या टायरांनिशी अंतर तोडीत अर्ध्या सेकंदावर आला, परंतु त्या ढवळलेल्या हवेत त्याला पुढे जाता येईना, आणि रसेल जिंकला. नंतर वजन झाले. किमान ७९८ किलो हवे होते; इंधन काढल्यावर गाडी भरली ७९६.५ किलो. विजय रद्द होऊन हॅमिल्टनकडे गेला. कारणे शोधली गेली तेव्हा ३४ फेऱ्यांत उतरलेले रबर हेही त्यांपैकी एक मानले गेले. आणि स्पाचा मार्ग इतका लांब की तिथे शर्यतीनंतर परतीची पूर्ण फेरी होत नाही, अंतिम रेषेपुढच्या पहिल्याच वळणाशी गाड्या माघारी वळवतात, त्यामुळे कडेचे लोळे वेचायला रसेलला रस्ताच उरला नव्हता.