चष्मा काय करतो आणि काय करीत नाही

(वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



समितीने आम्हाला चष्म्याविषयी चार शब्द बोलायला सांगितले आहे. आम्ही डॉक्टर नाही. डॉक्टर कागदावर नंबर लिहून देतात, त्या नंबराची काच घासून फ्रेममध्ये बसविणे हे आमचे काम. त्यामुळे वस्तीतली पुष्कळ मंडळी आमच्या समोरच्या स्टुलावर बसून जातात आणि दोन वाक्ये हमखास ऐकायला मिळतात. "आत्तापासून चष्मा लावला तर नंबर वाढेल," हे एक. "मुलीला नको, उद्या स्थळं बघायची आहेत," हे दुसरे. या दोन वाक्यांपायी किती नुकसान होते ते सांगायचे, तर आधी डोळ्याच्या आत डोकवायला हवे.

वस्तूकडून आलेला प्रकाश डोळ्यात शिरतो. बुबुळावरचे पारदर्शक पटल आणि आतले भिंग मिळून तो वाकवतात आणि मागच्या पडद्यावर गोळा करतात. मोठ्या माणसाचा डोळा पुढून मागे साधारण २४ मिलिमीटर. ही लांबी एकच मिलिमीटर जास्त भरली तर जवळजवळ वजा तीनचा नंबर येतो! प्रकाश पडद्याच्या अलीकडेच गोळा होतो आणि लांबचे धूसर दिसते. वाढत्या वयात अंगाबरोबर डोळाही लांबतो, म्हणून नंबर वाढतो. त्यात चष्म्याचा दोष नाही, आणि चष्मा पेटीत ठेवून तो थांबतही नाही. त्यापेक्षा पोरांना रोज उजेडी मोकळ्यावर खेळू द्या, त्याचा उपयोग होतो.

नंबराचा हिशेब सोपा आहे. शंभराला नंबराने भागा. वजा दोनच्या मुलाला चष्म्याशिवाय ५० सेंटीमीटरपर्यंतच स्वच्छ दिसते, वजा पाचच्याला २० सेंटीमीटर, म्हणजे जेमतेम वीतभर. आता हे मूल मागच्या बाकावर बसले आहे आणि गुरुजी फळ्यावर लिहीत आहेत असे समजा. पोरगं ढ आहे, अभ्यासात लक्ष नाही, असा शिक्का बसतो आणि आईबापही तोच शिक्का मारतात. मुलीच्या बाबतीत तर काय सांगावे. या भिंतीवरच्या तसबिरीत बाबासाहेबांच्या डोळ्यांवर चष्मा आहे, तो आपल्यापैकी कोणाला खुपत नाही. मग लेकीच्या डोळ्यावरचाच का खुपतो?

आता ही पाचर पाहा. लाकूड फोडायला ठोकतो तशीच, फक्त काचेची. हिलाच प्रिझम म्हणतात. एक बाजू जाड, दुसरी धारेसारखी. प्रकाश हिच्यातून जाताना जाड बाजूकडे वळतो, आणि पाहणाऱ्याला मात्र वस्तू पातळ बाजूकडे सरकलेली दिसते. एक मीटरवरची वस्तू एक सेंटीमीटर सरकली की ती एक नंबराची पाचर. चष्म्याची काच म्हणजे अशा पाचरींचीच जुळणी. जाड बाजू मध्यभागी आल्या की अधिक नंबर, कडेला आल्या की वजा नंबर. काचेच्या अगदी मध्यावर मात्र किरण सरळ जातो. म्हणून तो मध्य बाहुलीसमोर यावा लागतो. वजा पाचची काच ४ मिलिमीटर बाजूला बसली तर न मागता दोनची पाचर डोळ्यासमोर येते. दोन्ही डोळे ती ओढाताण सांभाळत बसतात, संध्याकाळी डोके ठणकते, आणि लोक म्हणतात नंबर चुकला! नंबर बरोबर असतो, काच सरकलेली असते. शेजाऱ्याचा चष्मा "मलाही चालतो" म्हणून लावणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. आडव्या-उभ्या फरकाचा, म्हणजे सिलिंडरचा नंबर असेल, तर फ्रेम नुसती वाकली तरी अक्ष फिरतो आणि अक्षरे ताणल्यासारखी दिसतात.

हीच पाचर कधी मुद्दाम द्यावी लागते. दोन डोळ्यांची दोन चित्रे मेंदू एकात एक बसवतो. एक डोळा थोडा आत, बाहेर, वर किंवा खाली वळला की एका चंद्राचे दोन दिसू लागतात. डोळा नाकाकडे वळला असेल तर पाचरीची जाड बाजू कानाकडे ठेवतात. प्रकाश वळलेल्या डोळ्यात नेमक्या जागी पडतो आणि दोनाचे एक होते. डोळा मात्र तसाच राहतो, तो सरळ होत नाही. फरक फार असेल तर काच जड होते, कडांना रंग दिसतात, मग शस्त्रक्रियेचा विचार करतात. काही काळापुरतेच लागणार असेल तर बारीक पाचरींच्या ओळी असलेला पातळ प्लॅस्टिकचा पत्रा काचेवर चिकटवतात. ही युक्ती मुळात दीपगृहाची. फ्रान्सच्या फ्रेनेल यांनी १८२३ साली पायऱ्यापायऱ्यांचे भिंग दीपगृहात बसविले, त्याच कल्पनेचा हा धाकटा भाऊ.

इथे एक जपून ऐका. मोठ्या माणसाला अचानक दोन-दोन दिसू लागले तर एकेक डोळा झाकून बघा. कोणताही डोळा झाकल्यावर एकच दिसत असेल, तर डोळे एका रेषेत नाहीत. साखरेच्या आजारात डोळा फिरवणारी नस दुर्बल झाली तरी असे होते, आणि ती पुष्कळदा काही महिन्यांत सुधारते. पण कारण मेंदूतलेही असू शकते. म्हणून आधी त्याच दिवशी इस्पितळ गाठायचे, आमच्याकडे नंतर या.

लहान मुलांच्या तिरळेपणाची गोष्ट वेगळी. काही मुलांना अधिक नंबर असतो. स्पष्ट बघण्यासाठी ती आतल्या भिंगावर जोर देतात आणि त्या जोराबरोबर डोळा आत वळतो. अशा मुलाला पाचर लागत नाही. नुसती अधिक नंबराची काच लावली की जोर कमी होतो, आणि पुष्कळांचा डोळा चष्म्यात सरळ दिसू लागतो. काही घरांत मात्र तिरळेपणा शुभ मानून पोराला तसेच ठेवतात. इकडे मेंदू त्या डोळ्याचे चित्र टाकून देऊ लागतो आणि डोळा आळशी होतो. सात-आठ वर्षांच्या आत चष्मा दिला, चांगल्या डोळ्यावर सांगितले तेवढे तास पट्टी बांधली, तर तो बहुधा कामाला लागतो. पुढे उपाय अवघड होत जातो. पंचविसाव्या वर्षी आमच्याकडे कितीही भारी काच मागितली, तरी त्या डोळ्याला ती पुरत नाही.

चाळिशीबद्दल बोलत नाही, ती सर्वांनाच येते.

आता या टेबलावर काचा ठेवल्या आहेत. खिडकीच्या गजाकडे काचेतून बघा आणि काच हळू हलवा. गज काचेबरोबर सरकला तर वजा नंबर, उलटा सरकला तर अधिक. गज नुसता तुटून बाजूला गेला आणि काच हलवली तरी तितकाच बाजूला राहिला, तर ती पाचर. मुलांना पुढे येऊ द्या. आणि ज्यांचे एक डोळा झाकून समोरचा पंचशील ध्वज तपासायचे राहिले आहे, त्यांनी आपापल्या पोरांचा एकेक डोळा झाकून इथेच विचारून घ्या, त्यातला कोणता पट्टा कोठे संपतो ते नीट दिसते का.