फौजी घरातला फादर

मी बोलतोय आपल्या मावळातल्या आंबीतून. शेजारी तळेगाव दाभाडे, सेनापतींचं गाव. इकडे पहाटे पोरं रस्त्यावर पळताना दिसली की समजायचं, भरतीची तयारी चालू आहे. माझे आजोबा फौजेत, वडील फौजेत. मी नर्सिंग घेतलं, तर वडील दोन महिने माझ्याशी बोलले नाहीत. म्हणून आजची गोष्ट.

जुन्या गोव्यात बॉम जेझूस चर्चमध्ये चांदीच्या पेटीत ज्यांचं शव आहे, ते सेंट फ्रान्सिस झेवियर. जन्म १५०६ चा, आजच्या स्पेनमधल्या नवारा राज्यात, घरच्या किल्ल्यात. १५१२ मध्ये शेजारच्या राजाने नवारा घेतलं. भाऊ लढत राहिले, म्हणून १५१६ मध्ये किल्ल्याचे बुरूज पाडले गेले. फ्रान्सिस तेव्हा दहा वर्षांचा.

१५२१ मध्ये पांप्लोनाची लढाई झाली. भाऊ नवाराच्या बाजूने. समोरच्या पक्षात इग्नेशियस लोयोला होता, तोफेच्या गोळ्याने त्याचा पाय मोडला. आणि गंमत बघा, १५२९ मध्ये पॅरिसच्या कॉलेजात हाच इग्नेशियस फ्रान्सिसचा रूममेट झाला! शत्रूकडचा माणूस, एकाच खोलीत. सुरुवातीला फ्रान्सिस त्याला दाद देत नव्हता. पण १५३४ मध्ये दोघांनी मित्रांसोबत एकत्र शपथ घेतली, आणि त्यातूनच पुढे जेझुइट संघ उभा राहिला.

१५३७ मध्ये फ्रान्सिस फादर झाले. ६ मे १५४२ ला गोव्यात उतरले, आणि राहायला गेले थेट हॉस्पिटलमध्ये, रुग्णांच्या सेवेला. हे वाचलं तेव्हा मी जरा थांबलोच.

पण दुसरी बाजूही सांगतो. १५४६ मध्ये त्यांनीच पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून गोव्यासाठी इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय मागितलं. ते १५६० मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी आलं. त्यात लोकांचे फार हाल झाले.

मला यातून काय कळलं? तलवार सोडली तरी घरातला कडकपणा आपोआप सुटत नाही. तो माझ्यातही आहे. वडील बोलत नव्हते, तसा मीही बोलत नव्हतो. शेवटी परवा मीच चहा नेऊन दिला. त्यांनी कप घेतला आणि विचारलं, "नाइट ड्यूटी किती वाजता सुटते?"

तुमच्या घरी असा अबोला असेल, तर आज तुम्ही आधी बोला. भेटू पुढच्या भागात!