लागली आणि लावली



या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदासाठी माझं नाव निघालं, तेव्हा पत्र चुकीच्या घरी आलं असावं असंच मला वाटलं. उमेदीची 30 वर्षं मी जंगलातल्या नोकरीत घालवली. माझ्या नावावर कथासंग्रह दोन आणि आगीचे अहवाल काही शे. तेव्हा प्रामाणिकपणे सांगायचं तर मी मूळचा अहवाललेखक, आणि आज मी त्या अहवालांविषयीच बोलणार आहे.

त्या साऱ्या अहवालांत एक वाक्य ठरलेलं असे: ‘अमुक कक्षात दुपारी आग लागली.’ पुढे आगीच्या कारणाचा रकाना. त्यात मी बहुतेक वेळा एकच शब्द लिही: अज्ञात. सही करून कागद पुढे पाठवला की माझी जबाबदारी संपे. निवृत्तीनंतर कथा लिहायला बसलो तेव्हा लक्षात आलं की ते वाक्य व्याकरणात चोख होतं, पण त्यात माणूस नव्हता. आग आपली आपण लागत होती. ‘लागली’ आणि ‘लावली’ यांत फरक एका अक्षराचा. ‘ग’च्या जागी ‘व’ आला की लगेच प्रश्न उभा राहतो, कोणी? आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा, का?

आपल्याकडच्या जंगलात आग आपोआप क्वचितच लागते. देशातल्या सुमारे 95 टक्के वणव्यांमागे माणसाचा हात असतो, असं मानलं जातं. मध्य भारतातलं आपलं जंगल पानगळीचं. साग, ऐन, मोह, तेंदू जानेवारीपासून पानं टाकू लागतात आणि मार्चमध्ये पायाखाली घोटाभर पाचोळा होतो. हिवाळ्यात एखादी सर आली तर तो थोडा दबतो. नाही आली तर फेब्रुवारीतच पापडासारखा कुरकुरतो. आग धरतो तो हा पाचोळा. शेंड्यांपर्यंत ती सहसा चढत नाही, जमिनीवरून सरपटत जाते. म्हणून लांबून पाहणाऱ्याला वाटतं, झाडं तर उभीच आहेत, मग बिघडलं काय? बिघडतं ते गुडघ्याच्या खाली. यंदा उगवलेली रोपं जातात, रातव्याची आणि टिटवीची अंडी जातात, पहिला पाऊस राखेसकट माती वाहून नेतो. मोकळ्या झालेल्या जागेत घाणेरी माजते, आणि पुढच्या उन्हाळ्यात तीच घाणेरी जळण होते.

2021 सालचा हंगाम आठवा. नोव्हेंबर 2020 ते जून 2021 या काळात उपग्रहांनी देशभरात 3,45,989 ठिकाणी जंगलात आग टिपली. आदल्या हंगामात हा आकडा सव्वा लाखाच्या आसपास होता. एकच वणवा पसरत गेला तर तो अनेकदा मोजला जातो, हे मान्य. तरीही एवढी वाढ डोळ्याआड करण्यासारखी नव्हती. ओडिशातलं सिमलीपाल धुमसत होतं. मार्चअखेर मध्य प्रदेशात बांधवगढ पेटलं. आणि 8 एप्रिलला आपल्या गोंदिया जिल्ह्यात, नागझिऱ्यात, आग विझवायला गेलेले तीन हंगामी मजूर जळून मेले. आणखी दोघे होरपळले.

नागझिरा हे नाव उच्चारलं की मराठी वाचकाला व्यंकटेश माडगूळकर आठवतात. त्या रानात मुक्काम ठोकून त्यांनी त्याच नावाचं पुस्तक लिहिलं, आणि ज्यांनी विदर्भ पाहिलाही नव्हता त्यांच्या मनात ते जंगल उभं राहिलं. त्याच परिसरात मारुती चितमपल्लींनी नोकरी केली, नवेगावच्या तळ्याकाठी पक्षी ओळखले, रानातल्या माणसांकडून शब्द गोळा केले आणि ते मराठीला दिले. हे दोघेही अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्यांच्या वाटेनं चालण्याची माझी पात्रता नाही, पण त्या वाटेवर घडलेलं सांगण्याचं कर्तव्य मला चुकवता येत नाही. मराठी साहित्यात नागझिऱ्याचं पाणी आलं, सांबर आलं, चांदणंही आलं. त्याच नागझिऱ्यात मेलेले तीन मजूर अजून यायचे आहेत.

वणवा विझवतात कसा, हे मांडवातल्या किती जणांनी पाहिलंय? उपग्रहाला दिसलेल्या ठिपक्याचा संदेश आता वनरक्षकाच्या मोबाइलवर येतो. ही सोय मोठी आहे, पण ठिपका असतो डोंगरापलीकडे आणि माणूस अलीकडे. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच. पुढे पायी जायचं. पाठीवर पानं उडवणारं ब्लोअर मशीन असलं तर नशीब, नाहीतर हिरव्या डहाळ्या तोडायच्या आणि झोडपत सुटायचं. चालून येणारी आग रोखायला तिच्या समोरून उलटी आग लावायची. हंगामाआधी आखलेला मोकळा पट्टा, म्हणजे जाळरेषा, पानांनी पुन्हा भरला असेल तर तो आधी झाडायचा. हे करणारा माणूस बहुधा रोजंदारीवरचा. नागझिऱ्यात त्या दिवशी आग आटोक्यात येत होती, तेवढ्यात वाऱ्यानं ती पुन्हा उसळली. आग लावणारा अहवालात ‘अज्ञात’ असतो, आणि विझवणारा हजेरीपटावरचा एक आकडा.

आता ‘कोणी’ या प्रश्नाकडे येतो. पोलिसी उत्तर सोपं आहे. भारतीय वन अधिनियम 1927, कलम 26. राखीव वनात आग लावणं हा गुन्हा. एका मार्चमध्ये मोहाच्या झाडाखाली पाला जाळणाऱ्या एका म्हातारीला मी हेच कलम ऐकवलं. ती म्हणाली, “साहेब, पाला नाही जाळला त फुलं दिसतीन कशी? अन् फुलं नाही दिसली त लेकरं खातीन काय?” माझ्याजवळ उत्तर नव्हतं. मी अहवालात ‘अज्ञात’ लिहिलं आणि ती दया आहे अशी स्वतःची समजूत घातली. खरं तर ती पळवाट होती. तिचं नाव लिहिलं असतं तर तिच्या प्रश्नाचीही नोंद करावी लागली असती.

मोह पहाटे फुलं टाकतो. ती वेचायला झाडाखालची जमीन स्वच्छ हवी. तेंदूचं तसंच. जमीन भाजली, झुडपं छाटली की नवी पालवी कोवळी आणि भरपूर येते, हा जुना समज. मे महिन्यात तीच पानं 70-70च्या पुड्यांत बांधली जातात. वेचणाऱ्याला मिळते पुड्यामागची मजुरी. जंगल कोणाच्या मालकीचं आणि ठेका कोणाचा, हे तो ठरवत नाही. जे आपलं नाही ते पुढच्या वर्षासाठी राखायचं कोणी?

मालकीचा हाच प्रश्न धरून इरावती कर्व्यांनी ‘युगान्त’मध्ये महाभारतातल्या खांडववनाच्या दाहाकडे पाहिलं. अग्नीची भूक या कथेवर त्या थांबल्या नाहीत. जमीन कोणाला हवी होती आणि जळून कोण गेलं, हे त्यांनी विचारलं. ज्या पुराणकथेत आग ‘लागली’ होती, तिथे त्यांनी ‘लावली’ वाचलं.

जंगल राखायचं कोणी, या प्रश्नाला एक उत्तर चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगाव नावाच्या लहान गावानं शोधलं. वनहक्क कायद्यानुसार गावाला जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. ग्रामसभेनं नियम केले, आणि तेंदूपत्ता तोडायचाच नाही असं ठरवलं. कारण त्यापायी झाडं छाटली जातात, आगी लावल्या जातात, आणि फळं माणसांना मिळत नाहीत, पाखरांनाही नाही. हातात येणारा पैसा सोडणं सोपं नव्हतं. त्यांना बांबूचा आधार होता, हेही खरं. मिलिंद बोकील यांनी या गावाची कहाणी पुस्तकात मांडली आहे. मला त्यातलं महत्त्वाचं वाटतं ते एवढंच, की धाकानं जे इतकी वर्षं जमलं नाही ते हक्कानं जमलं. ज्या दिवशी जंगल ‘सरकारचं’ न राहता ‘आमचं’ झालं, त्या दिवशी ‘आग लागली’ म्हणून मोकळं होण्याची सोय संपली.

म्हणून लेखकांना माझी विनंती आहे. मराठी कवितेत वणवा विरहाचा पेटतो, क्रांतीचा पेटतो, पळस फुलला तरी रानाला आग लागते. प्रतिमा म्हणून हे सारं ठीकच आहे. पण खरा वणवा लिहायला घ्याल तेव्हा क्रियापद तपासा. हल्ली आपण सहज म्हणतो, तापमान वाढलं, पाऊस लांबला. वाढलं की वाढवलं? तिथेही एक अक्षर गळालंय, आणि त्या गळालेल्या अक्षरात मोहाखालची म्हातारी नाही, गाड्या आणि वातानुकूलित खोल्या वापरणारे आपण आहोत. मात्र कर्ता शोधायचा तो फासावर चढवायला नव्हे. सुक्याबरोबर ओलं जळतं, ही म्हण जंगलाइतकीच न्यायालाही लागू आहे. ‘कोणी’ला जोडून ‘का’ लिहिणं हे लेखकाचं काम. पंचनाम्यात तेवढी जागा नसते, कथेत असते.

मी माझा एक जुना अहवाल पुन्हा लिहून पाहिला. तो असा: ‘मोहफुलं वेचण्यासाठी एका आजीनं पाला जाळला, दुपारच्या वाऱ्यात आग तिच्या हातून सुटली. गावातल्या अकरा जणांनी आणि दोन वनमजुरांनी ती रात्री उशिरापर्यंत डहाळ्यांनी झोडपून विझवली. आजीही झोडपत होती.’ वाक्यं तीनच. पण ती लिहायला मला निवृत्त व्हावं लागलं.

 जाता जाता अध्यक्ष म्हणून एकच आदेश देतो. मांडवामागच्या सागवनात पाचोळा घोटाभर झालाय, सकाळी मी पाहून आलो. मध्यंतरात विडी ओढायला तिकडे जाणाऱ्या मित्रांनी थोटूक विझवून, पाण्यात बुडवून, मगच टाकावं. विडीचं पानही याच जंगलातलं आहे.