गव्हाणीपाशी वाकताना
(आटपाडी येथील नाताळ मेळाव्यात केलेले भाषण)



यंदा इथे व्यासपीठ नाही, कमान नाही, पाहुण्यांसाठी खुर्च्या नाहीत. आपण सगळे एकाच सतरंजीवर बसलो आहोत. पैसे कमी पडले का, असे दोघातिघांनी मला विचारले. पैसे कमी पडले नाहीत. कारण वेगळे आहे, आणि त्यात माझी चूक आहे. ती आपल्यापुढे कबूल करावी म्हणून मी उभा आहे.

गेल्या वर्षी नाताळाच्या कार्यक्रमाची जबाबदारी माझ्याकडे होती. मी मंडप घातला, ध्वनिक्षेपक लावला, मोठा फलक छापून घेतला. माळावर मेंढपाळांचा वाडा उतरला होता. तिथल्या बायकांना ब्लँकेटे वाटायची ठरवली आणि सकाळी दहाला त्यांना रांगेत उभे केले. पाहुणे यायला बारा वाजले. त्याआधी वाटप केले तर फोटो कुणाबरोबर काढायचा, म्हणून मी त्या बायाबापड्यांना दोन तास उन्हात ताटकळत ठेवले.

त्या रांगेतून एक म्हातारी निघून चालली. मी तिला अडवले. ती म्हणाली, "गुरुजी, मेंढी याया झालीया. तुमचं चालू द्या." आणि ब्लँकेट न घेताच ती गेली.

खरे सांगतो, मला राग आला. एवढे आपण करतो आणि यांना किंमत नाही, असे मनात आले. संध्याकाळी ते ब्लँकेट घेऊन मी स्वतः माळावर गेलो. वाघरीच्या आत मेंढ्या कोंडलेल्या होत्या. म्हातारी नुकत्याच जन्मलेल्या कोकराला घोंगड्यात गुंडाळून चुलीपाशी बसली होती. तिने मला बसायला दुसरे घोंगडे अंथरले, चहा दिला. मी ब्लँकेट पुढे केले, तशी ती हसली. "घोंगडी हायती की आमच्याकडं. नातवाचं शाळंतलं नाव कमी केलंया, तेवढं बघा."

बंधुभगिनींनो, मी तीस वर्षे शाळेत शिकवले. या बाईला देता येण्यासारखी एकच गोष्ट माझ्यापाशी होती, आणि ती सोडून मी तिच्यासाठी ब्लँकेट आणले होते. ज्यांच्या मेंढ्यांच्या लोकरीची घोंगडी सारा माणदेश पांघरतो, त्यांना काय हवे हे मी एकदाही विचारले नव्हते.

त्या रात्री घरी येऊन मी लूककृत शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय काढला. तो आपल्याला तोंडपाठ आहे. पण त्या दिवशी मला तो नव्याने दिसला. तारणाऱ्याच्या जन्माची पहिली बातमी रानात रात्री कळप राखणाऱ्या मेंढपाळांना मिळाली. देवदूताने त्यांना कुठल्या मंडपात बोलावले नाही, रांगेत उभे केले नाही. ते जिथे होते, जे काम करत होते, तिथे तो गेला. आणि खूण कोणती दिली? गव्हाणीत निजवलेले बाळ. राजवाड्याची खूण सांगितली असती तर त्या बिचाऱ्यांना दारातूनच हाकलले असते. गव्हाण मात्र त्यांच्या ओळखीची होती.

शहरातल्या मुलांना गव्हाण म्हणजे काय ते सांगावे लागते. आपल्याला नाही. रिकामी गव्हाण काय असते तेही आपण पाहिले आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात याच तालुक्यात माणसे जनावरांबरोबर चारा छावणीत राहिली. १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी संत फ्रान्सिसने नाताळाच्या रात्री खरी गव्हाण, खरे गवत, बैल आणि गाढव आणून देखावा उभा केला. लोकांना प्रभूची गरिबी डोळ्यांनी दिसावी, हा त्याचा हेतू. आज आपण त्याच देखाव्यावर चमकी लावतो आणि कोणाच्या मंडळीचा देखावा मोठा यावर चढाओढ करतो.

नवे कपडे घेऊ नका, मुलांना गोडधोड करू नका, असे मी म्हणत नाही. ज्या घरात वर्षातून एकदाच नवा कपडा येतो, त्या घरातल्या आनंदाचे मोल मी जाणतो. पण पैशाची हाव फक्त घेण्यात असते असे समजू नका. ती देण्यातही शिरते. मी काय दिले, किती दिले, कोणी पाहिले, हा हिशेब सुरू झाला की दानसुद्धा बाजार होतो.

आपल्या शेजारच्या साताऱ्यात १९१७ साली रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी मिशनचा पगार सोडला, संन्यास पत्करला आणि 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा होती. तेव्हा ते पन्नाशी ओलांडलेले, महाराष्ट्राला माहीत असलेले कवी होते. पगार सोडला म्हणून ते थोर, एवढेच मला म्हणायचे नाही. लोकांमध्ये जायचे तर त्यांच्यापेक्षा उंचावर बसून चालणार नाही, हे त्यांनी ओळखले. लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' वाचली की आणखी एक गोष्ट कळते. टिळक देऊन मोकळे होत आणि संसार ओढत त्या. त्यागाचा भार पुष्कळदा घरातल्या बाईच्या डोक्यावर पडतो. तेव्हा देणाऱ्याने तेवढी नम्रता आपल्या घरातही ठेवावी.

२०२० साली आपल्या आटपाडीच्या एका माडग्याळ मेंढ्याला सत्तर लाखांची मागणी आली, आणि तरी मालकाने तो विकला नाही. घराला भाग्य देणारा जीव म्हणून ठेवला. लोक हसले. मला वाटते, त्या मालकाला एक गोष्ट ठाऊक होती: काही गोष्टींचा भाव करायचा नसतो.

नातवाचे पुढे काय झाले, ते सांगतो. वयाचा दाखला नाही म्हणून मुलाला प्रवेश नाकारता येत नाही, हे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात आहे. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी कार्डही मिळते. मी चार हेलपाटे घातले. मुलाचे नाव पुन्हा लागले आणि कार्ड मिळाले. खर्च झाला एसटीच्या तिकिटांचा. वाडा पुढे सरकला की तो मुलगा त्या गावच्या शाळेत बसतो. कधी बसतो, कधी कोकरे राखतो. काम संपलेले नाही.

म्हणून यंदा मंडपाचे पैसे बाजूला ठेवले आहेत. जानेवारीत आपण दोघेदोघे मिळून वाड्यावाड्यांवर आणि पालांवर जाऊ. हातात काही न घेता जाऊ. आधी बसू, त्यांनी दिलेला चहा घेऊ आणि विचारू. जे कळेल त्यावर ते पैसे खर्च करू. फोटो काढणार नाही.

गव्हाण जमिनीलगत असते. तिच्यातले बाळ पाहायचे तर प्रत्येकाला वाकावेच लागते, मेंढपाळाला आणि गुरुजींनाही. ती कृपा प्रभू आपणा सर्वांना देवो. आमेन.