मोटारीचा गंज

लोखंडाला पाणी आणि हवा यांची संगत एकाच वेळीं घडली कीं त्याचा गंज होतो, हें शाळेंतलें मूलही सांगेल. परंतु हाच साधा नियम घरच्या जुन्या मोटारीला लागू होतो, तेव्हां त्याचा अर्थ पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. इंजिन बिघडलें तर गाडी थांबते आणि मालकाला खबर मिळते. गंज मात्र वर्षानुवर्षें मुकाट्यानें पत्रा खात असतो, आणि वरचा रंग शेवटपर्यंत चकाकत राहतो.

मुंबईकरांच्या चांगल्या ओळखीचें उदाहरण प्रीमियर पद्मिनीचें आहे. फिआट ११०० या इटालियन गाडीची ही भारतीय बहीण. कुर्ल्याच्या कारखान्यांतून १९६४ पासून ती ‘फिआट ११०० डिलाइट’ म्हणून आणि १९७४ पासून ‘पद्मिनी’ या नांवानें बाहेर पडूं लागली. काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या वेषांत तिनें मुंबईची दीर्घ सेवा केली. ३० ऑक्टोबर २०२३ रोजीं ती सेवा संपली. आतां ज्या पद्मिनी धांवतात, त्या हौशी मालकांच्या जिव्हाळ्यावर. आणि त्यांच्यापुढचा बिकट प्रश्न इंजिनापेक्षां पत्र्याचा आहे.

पूर्वीच्या मोटारींना बैलगाडीच्या साटीप्रमाणें एक भक्कम लोखंडी चौकट असे व तिच्यावर शरीर बसविलेलें असे. १९५३ सालच्या फिआट ११०० मध्यें ही वेगळी चौकट नाहीं. सुमारें एक मिलिमीटर जाडीचे पत्रे दाबून, वळवून व एकमेकांस जोडून जी पेटी तयार होते, तीच गाडीचा सर्व भार वाहते. दारांखालचा उंबरठ्यासारखा पोकळ भाग ही या पेटीची जणूं तुळई. ती कुजली तर गाडी मधोमध खचूं लागते, दारें नीट लागत नाहींत, आणि अपघातांत आंतल्या माणसांचें रक्षण करण्याची शक्ति कमी होते.

ॲल्युमिनियमवर बसणारा पातळ थर आंतल्या धातूचें रक्षण करतो. लोखंडाचा गंज तसा नसतो. तो सच्छिद्र असतो, ओल धरून ठेवतो, आणि मूळ धातूच्या दुपटीहून अधिक जागा व्यापून सांधे उचकटतो. समुद्रावरच्या हवेंतील मीठ त्याच्या कामास वेग देतें. मडगार्डच्या आंत सांचलेला चिखल, दाराच्या तळाशीं बुजलेलीं पाण्याचीं भोकें, पावसाळाभर ओल्या राहिलेल्या रबरी चटया, हीं त्याचीं आवडतीं ठिकाणें. म्हणून रंगावर फुगवटा दिसतो तेव्हां रोगाची ती बहुधा सुरुवात नसते. आंतून पोखरून तो तेव्हां बाहेर आलेला असतो.

अशा वेळीं सोपा व स्वस्त मार्ग एक असतो. खड्डे बुजविण्याच्या ज्या लगद्याला रंगारी लांबी म्हणतात, ती थापून, काचकागदानें घासून वर रंग मारावयाचा. किरकोळ उंचसखलपणा मोडण्यास लांबी योग्यच आहे. पण भोंकावर ती थापणें म्हणजे वाळवी लागलेल्या खांबाला गिलावा करणें होय. गंज आंत चालूच राहतो. अशी फसवणूक ओळखण्यास साधें लोहचुंबक पुरतें. जेथें तें पत्र्यास धरत नाहीं, तेथें लोखंडाऐवजीं लांबीच असण्याचा संभव फार.

खरी दुरुस्ती कापण्यापासून सुरू होते. निरोगी, चकचकीत धातु लागेपर्यंत कुजका पत्रा काढावा लागतो. उंबरठा कापण्यापूर्वीं गाडी समपातळींत टेकवून दाराच्या चौकटींत आडवे लोखंडी टेके जोडतात व एकेकच बाजू हातीं घेतात. नाहींतर सगळी पेटी वांकडी होते. नवा तुकडा प्रथम नुसता लावून, दार बंद करून, फटी सारख्या येतात कीं नाहीं तें पाहतात. मग दूर दूर ठिपके देऊन जोडकाम करतात, कारण सलग उष्णतेनें पातळ पत्रा पापडासारखा वळतो. शेवटीं सांध्यांना जस्तयुक्त लेप आणि पोकळींत मेण हवें; पाण्याचीं भोकें मोकळीं राहिलीं पाहिजेत.

तयार पत्रे मिळतील तर काम हलकें होतें. ब्रिटनमध्यें एम.जी.बी. या गाडीचीं संपूर्ण शरीरें १९८८ पासून पुन्हां तयार होऊं लागलीं. जेथें अशी सोय नाहीं, तेथें कारागीर पुठ्ठ्याचा नमुना कापतो, वाळूच्या पिशवीवर लाकडी मोगरीनें पत्रा ठोकून त्याला बांक देतो, आणि शाबूत बाजूशीं पडताळून पाहतो. त्याचे सहासात दिवस एका मडगार्डच्या कडेंतच जाऊं शकतात.

या कामांतील बराचसा भाग रंगाखालीं कायमचा झांकला जातो. त्यामुळें कारागिराच्या प्रामाणिकपणाची कसोटी लागते, तशीच मालकाच्या समंजसपणाचीही. शहाणा मालक रंगाची छटा ठरविण्याची घाई करीत नाहीं. रंग चढण्यापूर्वीं तो उघडा पत्रा एकदां पाहून घेतो, कापलेले तुकडे दाखविण्यास सांगतो, आणि न दिसणाऱ्या कामाचे पैसे कुरकुर न करतां देतो. चकाकी रस्त्यावरच्या लोकांसाठीं असते. आंत बसणाऱ्या बायकामुलांचा भार मात्र त्या न दिसणाऱ्या सांध्यांवरच असतो.