सुट्टीतले पाणी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही व्याख्यान देणारी बाई नव्हे. २०२३ साली मे ते ऑक्टोबर मी अमेरिकेत, न्यू जर्सीला लेकीकडे होते. तिथली एक गोष्ट तेवढी सांगते.

नातीच्या शाळेत मुलांनी भिंतीलगत हमिंगबर्ड पक्ष्यांसाठी फुलझाडांचा वाफा केला होता. हा पक्षी आपल्याकडे मुळीच नाही. तिकडे जो येतो, त्याच्या नराचा गळा माणकासारखा लाल असतो. वजन जेमतेम ३ ग्रॅम, आणि पंख सेकंदाला पन्नासएक वेळा हलतात. त्या गुणगुणीवरूनच त्याचे नाव पडले. एवढासा जीव, पण हिवाळा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेत काढून वसंतात परततो. पुष्कळसे तर वाटेतला ८०० किलोमीटरचा समुद्र कुठेही न टेकता ओलांडतात!

शाळेतल्या बाईंनी झाडे विचाराने निवडली होती. सगळी तिथल्याच मातीतली, आणि एकीचा बहर सरला की दुसरीचा यावा अशी. वसंतात कोलंबाइन, मग ट्रम्पेट हनिसकलचा वेल, भर उन्हाळ्यात बी-बाम आणि शेवटी लालभडक कार्डिनल फ्लॉवर. कीटकनाशक अजिबात मारायचे नाही. कारण मकरंदाबरोबर या पक्ष्याला बारीक किडे आणि कोळीही लागतात. पिल्ले तर मुख्यतः त्यांवरच वाढतात.

जून सरता सरता शाळेला सुट्टी लागली, ती थेट सप्टेंबरपर्यंत. पक्ष्यांना कुठली सुट्टी? पिल्ले वाढवायचे आणि परतीच्या प्रवासासाठी अंगावर चरबी साठवायचे दिवस नेमके तेच. जुलैत आठ दिवस कडक ऊन पडले. नात रडवेली होऊन घरी आली, "आजी, बी-बामने मान टाकली गं." वाफा हौसेने केला होता, पण सुट्टीत पाणी कोणी घालायचे हे कुणी ठरवलेच नव्हते!

लेकीने शाळेला विचारले, शेजारच्या आयांना फोन केले, आणि सात घरांनी सात वार वाटून घेतले. मंगळवार माझा. दोन झाडे गेली ती गेलीच, बाकीची वाचली.

मी एक चूकही केली. घरी पक्ष्यांसाठी टांगलेल्या बाटलीत मायेने मध कालवू लागले, वर लाल रंगही घालणार होते. नातीने हात धरला. मधाच्या पाण्याला बुरशी लवकर धरते आणि ती पक्ष्याला बाधते. एक वाटी साखरेला चार वाट्या पाणी, रंग नाही, आणि उन्हाळ्यात दर दोन दिवसांनी बाटली धुऊन नवे पाणी. मुलीकडून आजी शिकली!

ऑगस्टमधल्या एका मंगळवारी मी झारी घेऊन उभी होते. एक पक्षी कार्डिनल फ्लॉवरसमोर हवेतच थांबून मकरंद पिऊ लागला. मी श्वाससुद्धा जपून घेतला.

भगिनींनो, आपल्या गल्लीतल्या शाळेतही दर पावसाळ्यात झाडे लागतात आणि मे महिन्यात वाळतात. आपल्याकडे हमिंगबर्ड नसला, तरी शिंजीर आहे. जास्वंद, धायटी, मुरुडशेंग, पांगारा यांच्या फुलांवर तो हमखास येतो. झाडे मुले लावतील. आपण सुट्टीतले पाणी तेवढे अंगावर घ्यावे. सात वार, सात घरे.

मंगळवार माझा, हे मी आजच सांगून ठेवते.